न ठेवलेलं पान

पेठ रोडने नाशिक सोडलं की तासाभरात रस्ता डोंगर चढायला लागतो. वर साग आणि ऐनाच्या जंगलात वनखात्याने पर्यटन केंद्र केलं आहे. तंबू, मचाण, झाडांच्या नावांच्या पाट्या आणि माथ्यापर्यंत जाणारी पायवाट. चालवायला गावाच्या समितीकडे दिलंय. गेल्या हिवाळ्यात मी तिथे दोन दिवस राहून आले. जंगलासाठी गेले असं मी लोकांना सांगते. खरं तर मैत्रिणीसाठी गेले.

आम्ही दोघी नाशिक रोडला एकाच गल्लीत वाढलो. तिचे वडील आणि माझे आई-वडील एकाच डाव्या संघटनेत होते. संघटना तेव्हाही लहानच होती, आता तर बैठक आमच्या पुढच्या खोलीत होते आणि खुर्च्या उरतात. पण आमच्या लहानपणी घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. कॉटखाली, धान्याच्या डब्यांमागे, शिलाई मशीनवर. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. 'संघर्ष' हा शब्द मला फार लवकर वाचता यायला लागला, असं आई कौतुकाने सांगते. तो सगळ्यात मोठ्या टायपात असायचा, एवढंच. गणितं आम्ही पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर सोडवायचो. शाईचा वास आला की मला अजून भूक लागते, कारण पत्रकांच्या घड्या घालून झाल्या की सगळ्यांना मिसळ मिळायची.

संध्याकाळी स्टेशनबाहेर आम्ही दोघी पत्रकं वाटायला उभ्या राहायचो. मी भराभर कागद पुढे करत सुटायचे आणि लोक अंग चोरून निघून जायचे. तिने मला शिकवलं की आधी माणसाकडे बघायचं, मग कागद पुढे करायचा. ती माणसांकडे बघायची. मी मजकुराकडे. आता विचार केला तर सगळं तिथेच लिहिलेलं होतं असं वाटतं, पण तेव्हा आम्ही सारख्याच होतो, निदान मला तसं वाटायचं.

मग ती नोकरीला लागली, पुण्याला गेली. बैठका सुटल्या, त्याबद्दल मी तिला बोलले, ती ऐकून घ्यायची. आमचे फोन हळूहळू 'काय चाललंय' आणि 'निवांत' एवढ्यावर आले. आमच्या वयाचे संघटनेतले बाकीचेही पांगले. कुणी परीक्षा देत बसला, कुणी बापाच्या दुकानात बसला, एक जण तर आता ज्यांच्याविरुद्ध आम्ही घसा कोरडा करायचो त्यांचीच पोस्टर लावतो. मला हक्काने शिव्या देणारी, मध्येच फोन करून 'जेवलीस का' विचारणारी ती एकच उरली होती. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिचा फोन आला.

"लग्नाआधी तुझी आणि त्याची नीट ओळख व्हायला पाहिजे. नाहीतर मग राहूनच जाईल."

ते 'मग' मला नीट ऐकू आलं. ती पुढे म्हणाली की त्याचे ऑफिसमधले दोघं आणि त्यातल्या एकाची बायको येणार आहेत, जंगलात ट्रेक, तंबूत मुक्काम. "तंबू आपला दोघींचा. रात्रभर बोलू. फक्त एक कर. वाद घालू नकोस."

मी हो म्हणाले. तिला गमवायचं नाही, एवढंच ठरवून मी पिशवी भरली.

नाशिकच्या द्वारका चौकात त्यांनी मला गाडीत घेतलं. तिचा होणारा नवरा गाडी चालवत होता. उंच, चष्मेवाला, सिग्नलला उभा असतानाही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवणारा.

"तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय," तो आरशात बघून म्हणाला, "मला वाटलं झेंडा घेऊनच याल."

"आणलाय. घडी करून पिशवीत ठेवलाय."

सगळे हसले. ती पुढच्या सीटवरून मागे वळली आणि माझ्याकडे बघून तिने भुवया उडवल्या, जसं लहानपणी बाई फळ्याकडे वळल्यावर उडवायची. मला वाटलं, जमेल.

केंद्राच्या कमानीवर 'जंगल वाचवा' असं लिहिलं होतं. मी म्हणाले की कुणापासून, ते लिहिलेलं नाही. आत गावाच्या गुरांना चरायला बंदी आहे आणि गाड्यांना पार्किंग आहे. "सुरू झाली," असं ती म्हणाली, पण प्रेमाने. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने मात्र खरंच विचारलं की मग गावाला यातून काय मिळतं, आणि मी सांगितलेलं त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मला तो आवडला. हे इथेच लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही.

जेवण करून दुपारी आम्ही माथ्याकडे निघालो. गावातलाच तिशीतला एक माणूस वाटाड्या होता. डोक्याला टोपी, कमरेला कोयता. त्यांची पद्धत अशी की पुढे एक, शेवटी एक, आणि पाहुणे मध्ये. शेवटी चालायला समितीतली एक मावशी होती, लुगड्याचा काचा मारलेली. मागे कुणी रेंगाळलं की ती तोंडाने 'हुश्श, हुश्श' करायची, गुरं हाकल्यासारखी. थंडी असली तरी चढणीवर घाम येत होता. कारवीच्या वाळक्या काड्या पिशवीला अडकत होत्या. मी तिच्या मागे चालत होते. तिच्या वेणीचं रबर निसटत चाललं होतं आणि ते सांगावं की नाही, असा फालतू विचार करत मी खूश होते.

कोरड्या ओहोळाच्या पलीकडे वाट अरुंद झाली आणि वाटाड्या थांबला. एका ऐनाखाली लाकडाची जाड फळी रोवलेली होती. तिच्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. पायाशी पानांचा ढीग. खालची वाळून तपकिरी झालेली, वरची अजून हिरवी.

"हा वाघदेव," तो म्हणाला. "याला सांगल्याबिगर फुढं नाय जात आमी. एकेकानं पान ठेवायचं, हात जोडायचे, मंग फुढं."

त्याने स्वतः आधी ठेवलं. ऑफिसमधल्या एकाने बायकोला पान ठेवताना उभं करून फोटो काढला, मग स्वतः ठेवलं आणि म्हणाला, "वाघा, यंदा प्रमोशनचं बघ रे बाबा." दुसरा म्हणाला, "आधी याचा रिपोर्ट पूर्ण होऊ दे." वाटाड्या हसला नाही. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने बूट काढले, पान ठेवलं, बूट घातले. मग ती पुढे झाली. माझ्याकडे न बघता तिने फांदीचं एक पान तोडलं, वाकून ठेवलं आणि हात जोडले.

डोळे मिटले. डोळे मिटायची काही गरज नव्हती.

मग माझी पाळी आली.

"मी नाही ठेवत," मी म्हणाले.

"का ताई? काय झालं?"

"मी देव मानत नाही."

"आवो, हे तरी कुठं मानून ऱ्हायलेत?" त्याने प्रमोशनवाल्याकडे हनुवटी केली. "तरी ठेवलं ना."

"म्हणूनच मला ठेवायचं नाही. तुम्ही खरंच मानता. तुमच्यासमोर मी खोटं खोटं कशाला करू?"

तो विचारात पडला. रागावलेला दिसला नाही. शेवटी म्हणाला, "मंग तुमी फुढं नका येऊ." आणि जरा थांबून, "पण मागं एकटं बी नाय सोडता येत."

म्हणजे सगळेच अडकले. ऊन उतरायला लागलं होतं, माथा अजून बराच वर होता.

"मॅडम, एक पान तर आहे," प्रमोशनवाला म्हणाला. "मतदान थोडंच करायचंय?"

"मतदान असतं तर केलं असतं."

या वेळी कुणी हसलं नाही. तिचा होणारा नवरा म्हणाला, "मी दोन ठेवतो. एक माझं, एक यांचं. चालेल ना?"

"ज्याचं त्यानंच ठेवायचं," वाटाड्या म्हणाला.

ती माझ्या जवळ आली. अगदी जवळ, तिचा श्वास लागत होता. "चल ना गं," ती हळू म्हणाली. "इथे कोण बघतंय?"

"तू बघतेयस."

तिने ओठ आवळले. मी हे लिहिताना माझीच बाजू घेणार आहे, कारण दुसरं कुणी घेणारं नाही. मला कुणाच्या श्रद्धेची टवाळी करायची नव्हती. उलट त्या सगळ्यांत त्या फळीला मीच जास्त गांभीर्याने घेतलं होतं असं माझं अजून मत आहे. ज्या गोष्टीसाठी दुसरा माणूस खरेपणाने थांबतो, तिच्यापुढे नाटक करणं मला जमलं नाही. ही माझी हौस नव्हती. मला वाढवलंच असं होतं, आणि तिलाही.

पेच मावशीने सोडवला. शेवटून तिचा आवाज आला, "मी बसते हिच्यापाशी. माझं गुडघं तसंबी सकाळपून कुरकुर करून ऱ्हायलं. जा तुमी."

"मंग मागं कोण चालंल?" वाटाड्याने विचारलं.

"त्या लांबड्याला चालव. उंच हाय, लांबून दिसतोय."

पाहुणे हसले, सुटल्यासारखे. पिशव्या पुन्हा खांद्यावर गेल्या. ती तिथेच उभी होती.

"थांबू का मी?" तिने विचारलं.

जिला थांबायचं असतं ती बसते. ती पिशवीचे पट्टे धरून उभी होती.

"जा," मी म्हणाले.

ती गेली. वाट वळेपर्यंत मला तिची पिशवी दिसत होती, आणि मग तिच्या मागून, ठरल्याप्रमाणे, तो लांबडा.

मावशीने पाय पसरले, तंबाखू मळली आणि मला नीट निरखलं.

"लगीन झालं का तुझं?"

"नाही."

"करणार हाय का?"

"माहीत नाही."

"देव मानीत नाय, लगीन माहीत नाय. जेवती तरी का?"

"जेवते."

"मंग चालतंय."

मी तिला विचारलं की इथे पान का ठेवतात. मला एखादं कारण हवं होतं. पत्रकात बसेल असं. तसं कारण मिळालं असतं तर मी धावत वर गेले असते.

"देव हाय म्हणून," ती म्हणाली.

"म्हणजे आत किती माणसं गेलीत ते कळावं म्हणून असेल ना? पानं मोजली की..."

"पानं वाऱ्यानं उडत्यात. कोण मोजतंय?"

"किंवा पूर्वी इथे खरंच वाघ असेल, म्हणून लोकांनी घोळक्याने थांबावं, एकेकटं जाऊ नये..."

"काय बी बोलती," ती म्हणाली. "वाघदेव हाय. ठिवायचं." आणि ऐनाला पाठ टेकवून तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने ती घोरायला लागली.

वरून त्यांचे आवाज येत होते, मग तुटक येऊ लागले. एकदा तिचं हसणं आलं. ते मला कुठल्याही गर्दीत ओळखू येतं, मोर्च्याच्या दुसऱ्या टोकाला असली तरी. मग तेही थांबलं.

मी तोवर कधी जंगलात एकटी बसले नव्हते. आमच्याकडे सगळं अनेकवचनात शिकवलेलं. घोषणा एकाने द्यायची असते आणि बाकीच्यांनी उचलायची असते. गाणं कोरससह बसवायचं असतं. पत्रकाच्या खाली सही 'आम्ही' अशीच असते. भीती वाटली तर काय करायचं हे मला ठाऊक होतं, हातात हात गुंफायचे. पण इथे भीती नव्हतीच. वाळक्या पानांत सरडा सरसरत होता, दूर कुठेतरी एक पक्षी ठोका दिल्यासारखा एकच सूर लावत होता, आणि मी कुणाच्याही विरुद्ध नव्हते, कारण तिथे कुणी नव्हतंच. सगळ्या मुद्द्यांसह मी एका झाडाखाली बसले होते.

मावशी झोपलेली. मी उठले. खोटं नाही सांगत, उठले. खालच्या फांदीचं एक पान तोडलं. ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. धापा टाकत वर गेले असते, म्हणाले असते, 'जाऊ दे गं,' आणि तिने मला मिठी मारली असती. पान हातात घेऊन मी त्या वाघासमोर बराच वेळ उभी राहिले. कोरणाऱ्याने वाघाचं तोंड जरा वाकडं केलं होतं, एका बाजूने हसल्यासारखं. मग मी परत येऊन बसले. पान बोटांत चुरगळून गेलं होतं.

ते उतरले तेव्हा त्यांच्या तोंडांवर ऊन होतं. धरणाचं पाणी कसं चमकत होतं, पलीकडे गुजरातच्या बाजूला रांगांमागे रांगा कशा दिसत होत्या, सगळे एकदम बोलत होते. "वर काय सुंदर होतं अगं," ती म्हणाली आणि मध्येच गप्प झाली.

तिच्या होणाऱ्या नवऱ्याने ती शांतता भरायचा प्रयत्न केला. "पुढच्या वेळी आपण देव नसलेला डोंगर शोधू."

"तसा डोंगर नाय गावायचा इकडं," वाटाड्या म्हणाला आणि तेव्हा कुठे तो दिवसात पहिल्यांदा हसला. मलाही हसू आलं. केंद्रावर परतताना मावशी गुडघे न कुरकुरता झपाझप पुढे चालली होती.

अंधार पडायच्या वेळी शेकोटी झाली. नागलीच्या भाकरी आणि उडदाचं वरण होतं. गाण्यांचा खेळ सुरू झाला आणि मला गाणं म्हणायला लावलं. मला सिनेमाची गाणी पूर्ण येत नाहीत. मी आमचं एक म्हटलं. कोरसची ओळ आली. ती एकटीने म्हणायची नसतेच, तिथे दुसरे आवाज यायचे असतात. तिला ती ओळ माझ्याइतकीच पाठ होती. ती काडीने निखारे सारत होती. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने टाळी धरली. ताल चुकत होता, पण धरली.

मग ती म्हणाली, "तुला एक तंबू वेगळा घेतलाय. वहिनींना एकटीला भीती वाटतेय, मी त्यांच्याबरोबर झोपते. चालेल ना? तुला नाहीतरी वाचत पडायचं असेल."

वहिनी म्हणजे त्या प्रमोशनवाल्याची बायको. तिचा नवरा तिच्या शेजारीच बसला होता.

"चालेल," मी म्हणाले.

सकाळी तंबूच्या कापडावर दव साचलं होतं. बाहेर आले तर ती शाल गुंडाळून दोन ग्लास चहा घेऊन उभी होती. आम्ही जरा लांब, एका ओंडक्यावर जाऊन बसलो.

"रागावलीस?"

"नाही."

"खोटं."

"रागावले. हात जोडलेस म्हणून नाही. डोळे मिटलेस म्हणून."

तिने चहावर फुंकर घातली. "मी खरंच मागितलं काहीतरी."

"काय?"

"सांगितलं तर पत्रक काढशील."

आम्ही दोघी हसलो, पूर्वीसारख्या, एकमेकींना ढोसत. मग ती म्हणाली, "तू पान ठेवावंस, असं मागितलं. मी तुला ओळखते ना. मला माहीत होतं तू काय करणार. म्हटलं, आज नको. आजचा एक दिवस हिला माझ्यासारखी होऊ दे."

ती पान तोडत होती तेव्हा मीही मनात म्हणत होते, हिला ठेवू देऊ नकोस. कुणाला म्हणत होते, देव जाणे. हे मी तिला सांगितलं. ती हसली नाही.

"मला कंटाळा आलाय गं," ती म्हणाली. "प्रत्येक ठिकाणी काहीतरी नाकारायचा. मला त्याच्या घरात नीट राहायचंय. त्याच्या आईला सगळं लागतं. पूजा, सत्यनारायण, सगळं. आणि मी करणार आहे. मला त्याचा त्रास होत नाही, खरंच होत नाही."

"बरं."

"तू लग्नाला ये."

"येणारच."

"म्हणजे..." तिने ग्लास दोन्ही हातांत धरला. "विधींना नाही आलीस तरी चालेल. दुपारचं सगळं तेच असणार, तुला उगाच अवघडल्यासारखं होईल. लोकही काहीतरी बोलतील, मग तू बोलशील. तू संध्याकाळी ये. जेवायला."

ती माझ्याकडे बघत होती. आधी माणसाकडे बघायचं, हे तिला नेहमीच येत होतं. आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती, माझी, खरोखर माझीच, की मला भांडता आलं नाही. भांडायला समोर कुणी वाईट माणूस लागतो.

"संध्याकाळी येईन," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर ती मागे, माझ्या शेजारी बसली. पेठ रोडवर कुठेतरी तिला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी शहर येईपर्यंत हललेसुद्धा नाही.

लग्न शहराबाहेरच्या एका लॉन्सवर होतं. मी ठरल्याप्रमाणे संध्याकाळी गेले. स्टेजपुढे लांब रांग होती. माझी पाळी आली तेव्हा तिने माझा हात घट्ट दाबला, फोटोवाला म्हणाला, "ताई, थोडं आत या," आणि मागच्यांनी पुढे सरकायला सुरुवात केली. तिचा नवरा म्हणाला, "जेवल्याशिवाय जायचं नाही हं." मी ताट घेऊन एका कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभी राहिले. ओळखीचं कुणी नव्हतं. तिचे वडील दूर पाहुण्यांमध्ये होते, फेटा बांधलेले.

जरीची साडी नेसलेल्या एक बाई प्रत्येक टेबलापाशी जाऊन आग्रह करत होत्या. त्या माझ्याजवळ आल्या. नवऱ्या मुलाची आई.

"तुम्ही मुलीकडच्या का?"

"हो. मैत्रीण."

"अगंबाई! लहानपणची? ती फार सांगते तुमच्याबद्दल." त्यांनी माझा दंड धरला. "मग दुपारी दिसला नाहीत? अक्षतांना हवं होतं ना मैत्रिणीने."

त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामाने थोडं पसरलं होतं. दिवसभर उभ्या असाव्यात.

"दुपारी काम होतं," मी म्हणाले. "खूप यायचं होतं, पण निघताच आलं नाही."

"असू दे, असू दे, आता आलात ना," त्या म्हणाल्या, आणि माझं ताट ओढून घेत त्यांनी त्यात आणखी एक जिलबी वाढली.